वॉटर स्प्राइट घेताय? आधी जुनी पानं कुजू द्या, मग रिव्ह्यू लिहा

माशांच्या टँकमध्ये वाढवायच्या या प्लांटचे रिव्ह्यू वाचायला घेतले की दर दोन-तीन रिव्ह्यूंमागे एक तरी असाच सापडतो, आलं तेव्हा छान होतं, आठवड्यात सगळं कुजलं, पैसे वाया गेले, एक स्टार. मला ते वाचून खरंच वाईट वाटतं, कारण त्यातली बरीचशी झाडं मेलेली नसणार, कुजतंय म्हणून घाबरून उचलून टाकली म्हणून मेली. मी वॉटर स्प्राइट दोन वर्षांहून जास्त वाढवतेय, घरातल्या दोन टँकमध्ये आणि बाहेर एका मोठ्या टबात ज्याला आम्ही घरात पाँडच म्हणतो, आणि या काळात ते तीनदा जवळजवळ संपलं आणि तिन्ही वेळा परत उभं राहिलं. म्हणून हा रिव्ह्यू पार्सल उघडल्या दिवशी लिहिलेला नाही.

मी ते दोन प्रकारे घेतलं होतं. एक टिश्यू कल्चरचा कप, म्हणजे ते छोटंसं पारदर्शक डबं ज्यात जेलीवर चिमुकली रोपं उभी असतात, आणि दुसरी मोठ्या झाडांची सुटी जुडी. दोन्ही ऑनलाइन, वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून. कप व्यवस्थित आला. जुडीचं पार्सल उघडलं आणि आधी वासच आला, साचलेल्या डबक्यासारखा. देठांना रबर बँड इतका घट्ट आवळला होता की त्या जागी सगळे देठ चेपून काळे झालेले आणि वर पिशवीत पाणी गच्च भरलेलं. ज्यांना पाठवायचंय त्यांनी प्लीज लक्षात ठेवा, या झाडाला प्रवासात पाण्यात बुडवून ठेवायची गरज नसते, नुसती ओल आणि पिशवीत भरपूर हवा पुरते, पाण्यात हिंदकळत आलं की हे हमखास तुटतं कारण याचे देठ आतून पोकळसर असतात आणि काकडीच्या सालीसारखे कट्कन मोडतात. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की पाण्यात सोडा, होईल ठीक. त्यानंतर दोनदा मेसेज केला, उत्तर नाही. मला सगळ्यात जास्त राग त्या गप्प बसण्याचा आला, झाड खराब होऊ शकतं ते मी समजू शकते.

पण टाकून द्यायच्या आधी मी एका पांढऱ्या पसरट भांड्यात पाणी घेतलं आणि त्या चिखलातलं एकेक पान त्यात पसरून बघत बसले. बहुतेक पानं बोटाला लागताच विरघळत होती. एक पान मात्र काळपट असूनही जरा ताठ होतं, आणि त्याच्या कडेला जिथे दोन फाटे एकमेकांना मिळतात त्या बेचक्यात एक हिरवा ठिपका दिसला, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. मोबाइलचा टॉर्च धरून बघितलं तर त्याला दोन इवलीशी पानं होती, पुरती उलगडलेलीसुद्धा नाहीत, आणि खाली केसासारखं एक पांढरं मूळ. मग पुढच्या बेचक्यात अजून एक, त्याच्यापुढे अजून एक. त्या एका पानावर अकरा निघाली. आई मेलेली आणि तिच्या अंगावर अकरा पिल्लं जिवंत. मी ते पान तसंच्या तसं टँकच्या एका शांत कोपऱ्यात तरंगत सोडून दिलं आणि आज माझ्याकडे जे काही वॉटर स्प्राइट आहे, पाँडमधलं धरून, त्यातलं बरंचसं त्या अकरांची वंशावळ आहे.

तर हे झाड नेमकं काय आहे ते आधी सांगते, कारण बऱ्याच जणांना माहीतच नसतं की हा नेचा, म्हणजे फर्न आहे. याला फूल येत नाही, बी येत नाही. शास्त्रीय नाव सेराटोप्टेरिस, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ शिंगांचा नेचा असा होतो, आणि मोठ्या झाडाची बारीक फाटे फुटलेली पानं बघितली की ते नाव का दिलं असेल ते लगेच कळतं. लिनियसने १७५३ मध्ये याची नोंद केली तेव्हा वेगळ्या गटात टाकलं होतं, सेराटोप्टेरिस नाव नंतर मिळालं. दुकानात दोन-तीन जाती एकाच नावाने विकतात, थॅलिक्ट्रॉइडिस म्हणजे बारीक चिरलेल्या पानांची, कॉर्नुटा म्हणजे जरा रुंद पानांची, आणि टेरिडॉइडिस जी मुळातच तरंगणारी आहे आणि जिचे देठ फुगीर असतात. लेबलवर फार विश्वास ठेवू नका. एकच झाड तरंगत वाढलं तर पान रुंद होतं आणि पाण्याखाली लावलं तर बारीक होतं, त्यामुळे नुसता फोटो बघून जात ओळखायला गेलं की फसायला होतं. मी आता जातीच्या भानगडीत पडत नाही, काळजी सगळ्यांची साधारण सारखीच घ्यावी लागते.

एका गोष्टीत मात्र फसू नका. वॉटर विस्टेरिया नावाचं दुसरं एक झाड आहे, हायग्रोफिला, ते पण असंच चिरलेल्या पानांचं दिसतं आणि लोक या दोघांत गोंधळ करतात, कधी विकणारेसुद्धा. ओळखायची खूण सोपी आहे. विस्टेरियाला मधोमध उभा दांडा असतो आणि त्यावर पानं समोरासमोर जोडीने लागतात. स्प्राइटला असा दांडाच नसतो, सगळी पानं खाली एकाच गड्ड्यातून निघतात, आणि नवीन पान येतं तेव्हा ते टोकाशी गुंडाळलेलं असतं, बहुतेक नेच्यांसारखं. ऑर्डर द्यायच्या आधी बुडख्याचा फोटो मागा. जो देत नाही त्याच्याकडून मी आता घेतच नाही.

आता कुजण्याबद्दल. विक्रीसाठी जी झाडं वाढवतात ती बऱ्याचदा पाण्याच्या वर, दमट हवेत वाढवलेली असतात. त्यांची पानं हवेसाठी बनलेली असतात. ती तुम्ही पाण्याखाली दाबली की झाड ती पानं सोडून देतं आणि पाण्यातली नवीन पानं काढायला लागतं. त्या अदलाबदलीत आठ-दहा दिवस अगदी वाईट दिसतं, जुनी पानं आधी काचेसारखी पारदर्शक होतात, मग तपकिरी, मग चिंध्या. हे चालू असताना एकच गोष्ट बघायची, मधला गड्डा. बोटाने हलकेच दाबून बघा. घट्ट असेल आणि मध्ये हिरवं टोक दिसत असेल तर झाड जिवंत आहे, वरचं सगळं गेलं तरी चालेल. गड्डा मऊ लागला, वास आला, तर मात्र गेलं. कुजणारी पानं तशीच ठेवू नका हं, रोज कात्रीने कापून बाहेर काढा, नाहीतर छोट्या टँकमध्ये त्याने पाणी बिघडतं आणि भोगावं माशांना लागतं. मी पहिल्या वेळी दोन दिवस आळस केला तर पाणी दुधाळ झालं आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, मग अर्धं पाणी बदललं तेव्हा कुठे निवळलं.

टिश्यू कल्चरच्या कपाचा फायदा असा की त्यात गोगलगायी नाहीत, त्यांची अंडी नाहीत, शेवाळ नाही. ज्यांच्याकडे कोळंब्या आहेत आणि ज्यांना कीटकनाशकाची धास्ती वाटते त्यांनी कपच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. पण रोपं फार कोवळी असतात. जेली कोमट पाण्यात नीट धुऊन काढा, मुळांत थोडी जरी राहिली तरी तिच्यात साखर असते आणि त्यावर बुरशीसारखा पांढरा थर चढतो. मी एका कपातून सात-आठ भाग केले. चार वाळूत लावले, बाकीचे तरंगत सोडले. तीन आठवड्यांनी लावलेल्यांपैकी दोन उरले होते आणि तरंगणारे सगळेच्या सगळे जगले होते, आणि हळूहळू नाही, एकेकाचा पसारा तळहाताएवढा झाला होता.

म्हणून माझा आग्रह आहे की पहिले तीन-चार आठवडे हे तरंगतच ठेवा, मग तुम्हाला शेवटी वाळूत लावायचं असलं तरी. कारण सरळ आहे, पाण्यात कार्बन डायऑक्साइड फार कमी मिळतो आणि तरंगणाऱ्या पानाला तो वरच्या हवेतून हवा तेवढा घेता येतो, शिवाय लाइट जवळ. तो वायू पाण्यात सोडायला सिलिंडर, डिफ्यूझर, काही लागत नाही. साधा एलईडी, रोजचे आठ तास, पाण्याचं तापमान २२ ते २८ अंश, बस. पीएच थोडा इकडेतिकडे झाला तरी याला फरक पडत नाही, पाणी जड म्हणजे जास्त क्षारांचं असो की मऊ, ते वाढतं. मी दोन टँक मुद्दाम वेगळे ठेवलेत, एकात लाकडाचे ओंडके असल्यामुळे पाणी चहाच्या रंगाचं आणि मऊ, दुसऱ्यात जड, दोन्हीकडे सारखंच पसरलंय.

तरंगत ठेवण्यात दोन त्रास आहेत ते पण सांगते. फिल्टरचं पाणी पडतं त्या धारेखाली हे सापडलं की सारखं उलथंपालथं होतं, पानांवर पाणी पडत राहतं आणि मधला कोंब सडतो. मी एअर पंपाची पातळ नळी घेऊन तिची दोन टोकं जोडून गोल कडं केलं, ते सक्शन कपने काचेला अडकवलं आणि त्यात झाडं ठेवली. कडं तरंगतं आणि झाडं जागची हलत नाहीत. दुसरा त्रास झाकणाचा. झाकण आणि पाणी यात चार बोटं तरी जागा हवी, नाहीतर वर आलेली पानं लाइटला चिकटून करपतात, माझी करपलीत, कडा अगदी कागद जळल्यासारख्या झाल्या होत्या.

वाळूत लावताना एकच चूक सगळे करतात, गड्डा पुरतात. मुळं आत, गड्डा बाहेर. लावताना थोडं जास्त खोल दाबायचं आणि मग हलकेच वर ओढायचं, जिथे पांढरी मुळं संपून हिरवं सुरू होतं ती रेघ वाळूच्या जरा वर दिसायला पाहिजे. लावलेलं झाड सुंदर दिसतं यात शंका नाही, मागच्या बाजूला फूटभर उंचीचं, फिकट पोपटी, प्रवाहात नाजूक हलणारं. पण ते स्वतःच्या मर्जीने वर यायला बघतं, आणि एकदा का पानं पृष्ठभागाला लागली की खालची पानं अंधारात जाऊन पिवळी पडतात, तेव्हा कापत राहावं लागतं.

मला या झाडाचं सगळ्यात जास्त कौतुक आहे ते त्याच्या मुळांचं. तरंगणाऱ्या मोठ्या झाडाची मुळं खाली वीतभर लोंबतात, पांढरट तपकिरी, आणि प्रत्येक मुळाला इतके बारीक फाटे की पाण्यात पीस सोडल्यासारखं वाटतं. माझ्याकडे गप्पी आहेत. आधी पिल्लं झाली की दुसऱ्या दिवशी दोन-तीन उरायची, मोठे मासे खाऊन टाकायचे. मी जाळीची पेटी वगैरे पण वापरून बघितली होती, त्यात पिल्लं जगायची पण पाणी खेळतं राहायचं नाही. स्प्राइटची मुळं खाली आली त्यानंतरच्या वेळी मुलीने काचेला नाक लावून मोजली, चौदा. मुळांच्या आत एकेक पिल्लू तिरकं होऊन थांबलेलं, आणि मधूनच मुळाला चोच मारल्यासारखं काहीतरी टिपायचं. त्या मुळांवर जो मऊ थर साठतो त्यात सूक्ष्म जीव असतात, तेच पिल्लांचं पहिलं खाणं. वेगळं काही घालायच्या आधी ते तिथेच पोट भरतात. गुरामी किंवा बेट्टा मासे ठेवणाऱ्यांसाठी पण हे फार चांगलं, त्यांना बुडबुड्यांचं घरटं करायला शांत पृष्ठभाग आणि पानांचा आधार लागतो.

आणि खायला हे अधाशी आहे. माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया, नायट्रेट, सगळं ओढून घेतं, त्यामुळे नवीन टँकमध्ये शेवाळाची डोकेदुखी याने बरीच कमी होते, एक तर खत पळवतं आणि दुसरं म्हणजे सावली करतं. पण हेच कधीकधी उलटतं. माझ्या छोट्या टँकमध्ये मासे कमी आणि स्प्राइट जास्त झालं तेव्हा मोठ्या पानांपासून सुरू होऊन सगळं झाड फिकट पडलं. मला वाटलं रोग आहे. टेस्ट केली तर नायट्रेट शून्य. झाड उपाशी होतं. तेव्हापासून मी कुठलं पान बिघडतंय ते आधी बघते. जुनी खालची पानं अख्खी पिवळी पडत असतील तर नायट्रोजन कमी. नवीन कोवळं पानच पांढुरकं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह कमी. जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडून ती कडेने कुजत असतील तर पोटॅशियम. सगळे घटक असलेलं पातळ खत आठवड्यातून एकदा, बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्याने सुरू करा आणि पंधरा दिवसांनी नवीन पान बघून ठरवा, कारण जुनं पान एकदा बिघडलं की ते परत हिरवं होत नाही, त्याच्याकडे बघून खत वाढवत बसलात तर शेवाळ वाढेल. मुळांजवळ घालायच्या गोळ्या फक्त वाळूत लावलेल्या झाडाला, तरंगणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही.

गोल्डफिश असतील तर हे घेऊ नका, किंवा मग खाद्य म्हणूनच घ्या. कोवळी पानं ते एका रात्रीत फस्त करतात. मोठ्या अॅपल स्नेल गोगलगायी पण तशाच. लहान रॅम्सहॉर्न मात्र बिचाऱ्या उगाच बदनाम आहेत, माझ्याकडच्या तरी नुसतं कुजलेलंच खातात, आणि लोक सकाळी कुजलेल्या पानावर गोगलगाय बघतात आणि तिनेच खाल्लं म्हणतात.

पिल्लं वेगळी कधी करायची हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. घाई करू नका. पिल्लाला तीन-चार पानं आणि बोटाच्या पेराएवढी मुळं येईपर्यंत आईच्या पानावरच राहू द्या. जुनं पान पिवळं पडायला लागलं की ते आपणहून सुटतात, आणि आपल्याला सोडवायचंच असेल तर पिल्लू ओढायचं नाही, आईचं पान त्याच्या दोन्ही बाजूंनी कापायचं, तो तुकडा चिकटलेला राहिला तरी काही बिघडत नाही, तो आपोआप गळतो. झाड फार मोठं झालं, पानं जाड झाली, मध्यभाग लाकडासारखा वाटायला लागला की मी आईच काढून टाकते आणि पिल्लं ठेवते. निसर्गात पण हे वर्षभराचंच झाड आहे, एकाच गड्ड्याला वर्षानुवर्षं धरून बसण्यात अर्थ नाही.

पाँडबद्दल थोडं. बाहेर ऊन भरपूर आणि तळाशी चिखलमाती, पाणी वीतभर. तिथे हे टँकमधल्या झाडाचं भावंडसुद्धा वाटत नाही. पानं पाण्याच्या वर उभी राहतात, ताठ आणि गडद. घरातलं झाड थेट कडक उन्हात नेलं तर पानं पांढरी होऊन वाळतात, म्हणून आधी आठवडाभर सावलीत ठेवून मग हळूहळू उन्हात सरकवा. पहिल्याच उन्हाळ्यात पानांच्या मागे मावा पडला होता, काळे बारीक कीडे, काही फवारायचं नाही कारण खाली मासे आहेत, मी नुसतं झाड पाण्याखाली दाबून धरलं आणि कीडे वर तरंगले ते माशांनी खाल्ले. थंडीत मात्र याचं काही खरं नाही. पाणी १५ अंशांच्या खाली जायला लागलं की वाढ थांबते, अजून खाली गेलं की झाड जातं. म्हणून थंडी लागायच्या आधी मी दहा-बारा पिल्लं आत आणून ठेवते. एका वर्षी विसरले. पाँडमधलं सगळं गेलं, आणि मग ऊन तापल्यावर त्या टबाच्या कडेला ओल्या चिखलात नखाएवढ्या हिरव्या चकत्या दिसल्या, मला वाटलं शेवाळ, म्हणून मी त्या खरवडणारच होते.

त्या चकत्या म्हणजे नेच्याची मधली अवस्था होती. उन्हात वाढलेल्या मोठ्या झाडाला वेगळी पानं येतात, अगदी अरुंद, हरणाच्या शिंगासारखी, आणि त्यांच्या कडा आत वळलेल्या असतात. त्या वळलेल्या कडेखाली बीजाणू असतात, म्हणजे बीऐवजी ज्यांच्यापासून नेचा उगवतो ते बारीक कण. लोक ही पानं रोगट समजून कापतात, मी पण कापायचे. बीजाणू ओल्या मातीत पडले की त्यातून ही चकती उगवते, तिच्यावर नर आणि मादी पेशी तयार होतात आणि पाण्याच्या थेंबातून पोहत जाऊन नर पेशी मादीला मिळते, तेव्हा कुठे त्यातून पानांचा नेचा उठतो. हे सगळं इतकं पटपट होतं, चकती दोन-एक आठवड्यांत तयार, की याच कुळातली रिचर्डाय ही जात शाळा-कॉलेजात आणि प्रयोगशाळेत नेच्याचं आयुष्य शिकवायला वापरतात. १९९९ मध्ये तिचे बीजाणू कोलंबिया यानातून अंतराळात नेले होते, उगवताना गुरुत्वाकर्षण नसेल तर काय होतं ते बघायला. आणि २०२२ मध्ये तिचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तो माणसाच्या जीनोमच्या दुपटीहून मोठा आहे. माझ्या टबाच्या कडेला चिखलात ज्या चकत्या होत्या त्या मी खरवडल्या नाहीत, रोज पाणी शिंपडत राहिले, आणि महिन्याभराने त्यांतल्या सहांमधून पानं उठली.

दुसरे नेचे घ्यावेत का असं विचाराल तर ते कामं वेगळी करतात. जावा फर्न हळू वाढतो, लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायचा, त्याचं आडवं खोड पुरलं तर सडतं, आणि त्याच्या पानामागे काळे ठिपके आले तर घाबरू नका, ते बहुतेक वेळा बीजाणूच असतात. गोल्डफिशवाल्यांनी तोच घ्यावा, पानं कडक असल्यामुळे मासे सहसा वाट्याला जात नाहीत. बोल्बिटिस देखणा आहे पण त्याला वाहतं पाणी लागतं आणि धीर लागतो. अझोला पाँडवर गालिच्यासारखा पसरतो, त्याच्या पानाच्या पोकळीत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून देतात, टँकमध्ये मात्र तो टिकवणं कठीण जातं.

साल्व्हिनियाबद्दल जरा ठासून सांगायचंय. तोही तरंगणारा नेचा आहे आणि टँकमध्ये गोड दिसतो, पण त्यातली मोलेस्टा ही दक्षिण अमेरिकेतली जात जगभरच्या तळ्यांवर पसरली आणि तिने पाणी झाकून टाकलं, खाली उजेड नाही, ऑक्सिजन नाही, मासे मेले. ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात १९८० मध्ये तिच्यावर जगणारा एक बारीकसा भुंगा सोडला तेव्हा कुठे वर्षभरात तलाव मोकळा झाला. म्हणून स्प्राइट असो की साल्व्हिनिया, छाटलेलं एक पानही ओढ्यात, नदीत, तळ्यात टाकू नका. ज्या झाडाच्या कुजक्या पानावर अकरा पिल्लं जिवंत राहतात ते बाहेर काय करेल याचा विचार करा. मी छाटलेलं सगळं उन्हात कुरकुरीत वाळवते आणि मग कुंड्यांच्या मातीत मिसळते. बऱ्याच ठिकाणी काही पाणवनस्पती पाळायलाच बंदी आहे, मागवायच्या आधी तुमच्याकडचा नियम बघून घ्या.

रेटिंग द्यायचं तर झाडाला माझे पाचपैकी पाच. टिश्यू कल्चरच्या कपाला साडेचार, अर्धा यासाठी कमी की लेबलवर नुसतं नाव होतं, जेली धुवा आणि आधी तरंगवा एवढ्या दोन ओळी छापल्या असत्या तर नवीन माणसांची कितीतरी रोपं वाचली असती. त्या जुडीच्या पॅकिंगला एक. जुडी घ्यायचीच असेल तर ज्याच्याकडे आधीच मोठं तरंगणारं झाड आहे अशा माणसाकडून समोरासमोर घ्या, पाण्यात वाढलेलं असतं त्यामुळे कुजण्याचा तो आठवडा बराचसा टळतो, आणि घेताना मोठं दिसणारं झाड निवडू नका, एखादं जुनं पिवळसर पान मागा, ज्याच्या कडेला हिरवे ठिपके आहेत. लोक असं पान आनंदाने फुकट देतात.

मी परवाच मोठ्या टँकची छाटणी केली, अर्धी बादली निघाली. त्यातली वीसेक पिल्लं बाजूला काढून काचेच्या बरणीत खिडकीत ठेवलीत, ज्यांना हवीत त्यांच्यासाठी. आज सकाळी बघितलं तर सगळी एका बाजूला उजेडाकडे सरकल्यासारखी दिसत होती, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्याच्या पानाच्या बेचक्यात एक नवीन ठिपका होता.